चार दिवसांत जुना कोरिया : लाकडाचं सोल, दगडाचं ग्यॉन्गजू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जपानहून परतताना कोरियात चार दिवस मिळणार आहेत. बरोबर सत्तरीतले आईवडील आणि कॉलेजात जाणारी मुलगी. खरेदीत रस नाही, जुना कोरिया बघायचा आहे. त्यासाठी तुम्ही सोल, जॉन्जू, आन्दोंग, ग्यॉन्गजू आणि जेजू अशी यादी केली आहे. शेवटी विचारलंय, की तिथले राजवाडे म्हणे नव्यानेच बांधलेले आहेत, मग ते बघण्यात अर्थ काय?

गेली चौदा वर्षं मी पुण्यामुंबईचे छोटे गट घेऊन कोरियाला जातो आहे. यादीचं उत्तर सोपं आहे. दोनच नावं ठेवा, सोल आणि ग्यॉन्गजू. दोन दिवस इथे, दोन दिवस तिथे. आन्दोंगजवळचं हाहवे गाव फार सुंदर आहे, पण चार दिवसांत ते घुसवलंत तर आईवडिलांचा प्रवास स्टेशनांवरच होईल. जेजू बेटावर स्वतंत्र जा. जॉन्जूला जे बघाल, त्यातलं बरंचसं सोलमध्येही दिसतं.

राजवाड्यांच्या प्रश्नाला मात्र नीट उत्तर द्यायला हवं. ते मनात स्पष्ट नसेल तर सोलचे राजवाडे रंगवलेल्या देखाव्यासारखे वाटतात आणि माणसं अर्ध्या तासात बाहेर येऊन कॉफी शोधू लागतात. मी हे अनेकदा पाहिलंय.

शनिवारवाडा आठवा. 1828च्या आगीत वरचं लाकूडकाम गेलं आणि आपल्याकडे जोती, तट आणि दरवाजे उरले. आपण ती जोती तशीच ठेवली. सोलचा ग्यॉन्गबोकगुंग हा मुख्य राजवाडा 1395 साली जोसॉन या कोरियाच्या शेवटच्या राजघराण्याच्या पहिल्या राजाने बांधला. 1592 साली जपानी आक्रमणाच्या वेळी तो जळाला आणि पुढे सुमारे पावणेतीनशे वर्षं ओसाड पडून होता. 1867 साली तो पुन्हा उभा राहिला. मग विसाव्या शतकात जपानी राजवट आली. तिने त्यातल्या बहुतेक इमारती पाडल्या आणि ऐन दर्शनी भागात, राजाच्या दरबारापुढे, आपल्या सरकारची प्रचंड दगडी इमारत 1926 साली उभी केली. स्वातंत्र्यानंतरही ती पन्नास वर्षं तिथेच होती. 1995 साली ती पाडायला सुरुवात झाली. एकेक दालन पुन्हा बांधण्याचं काम 1990 पासून आजही चालू आहे. ग्वांगह्वामुन हा महाद्वार 2010 साली जुन्या जागी, पुन्हा लाकडात उभा राहिला. त्यापुढचा दगडी चौथरा तर 2023 साली रस्त्याखालून बाहेर काढून नीट केला.

म्हणून "हे मूळ आहे का?" असं कुणी विचारलं की मी सांगतो, जागा मूळ आहे, जोती मूळ आहेत, मांडणी मूळ आहे, आणि बांधायची विद्या मूळ आहे. कोरियात मोठं लाकूडकाम करणाऱ्या सुतारांची परंपरा राष्ट्रीय वारसा म्हणून जपली जाते. लाकडी वास्तू जळते, कुजते, वाळवी लागते. ती उतरवून पुन्हा चढवायची, खराब खांब बदलायचा, रंग पुन्हा द्यायचा, हे त्यांच्याकडे शतकानुशतकं चालत आलंय. छताखालचे हिरवे, तांबडे, निळे रंग आपल्याला भडक वाटतात. त्याला दानछॉन्ग म्हणतात. ते शोभेसाठी आहेतच, पण लाकडाला ऊनपावसापासून आणि किड्यांपासून वाचवण्यासाठीही आहेत.

आता वारांची गोष्ट. माझा पहिला गट घेऊन मी ग्वांगह्वामुनसमोर पोचलो तो मंगळवार होता आणि दार बंद. अकरा माणसं, त्यातल्या एक आजी खास त्या राजवाड्यासाठी आल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी आमचं विमान. त्यांचा उतरलेला चेहरा मी विसरलो नाही. ग्यॉन्गबोकगुंग आणि जोंगम्यो हे राजघराण्याच्या पितरांचं स्थान मंगळवारी बंद असतात. छांगदॉक्कुंग आणि बाकीचे राजवाडे सोमवारी. त्यामुळे शक्य असेल तर शनिवार-रविवार सोलमध्ये आणि सोमवार-मंगळवार ग्यॉन्गजूत असा बेत करा. सोलला गर्दी थोडी जास्त मिळेल, पण शनिवार-रविवारीच ग्यॉन्गजूची हॉटेलं भरलेली आणि महाग असतात, ते टळतं. शिवाय जोंगम्यो इतर बहुतेक दिवशी वाटाड्याबरोबर ठरलेल्या वेळीच बघता येतं. शनिवार-रविवारी आपलं आपण शांतपणे फिरता येतं.

पहिल्या दिवशी सकाळी ग्यॉन्गबोकगुंग. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गावर त्याच नावाचं स्टेशन आहे. दहा वाजता द्वारावर पहारेकऱ्यांचा बदल होतो, तो बघून आत शिरा. दरबाराच्या चौकात लगेच सिंहासनाकडे धावू नका. आधी पायाखाली बघा. फरसबंदी मुद्दाम खडबडीत ठेवली आहे, ऊन चमकून डोळ्यांवर येऊ नये आणि पाय घसरू नये म्हणून. दोन्ही बाजूंना छोटे दगडी स्तंभ ओळीने उभे आहेत. त्यांवर अधिकाऱ्यांचा दर्जा कोरलेला आहे. मुलकी अधिकारी पूर्वेला, लष्करी पश्चिमेला. दगडात रुतवलेल्या लोखंडी कड्या शोधा, त्यांना शामियान्याचे दोर बांधत. एवढं दिसलं की रिकामा चौक माणसांनी भरलेला दिसू लागतो. मग सिंहासनामागचा पडदा बघा, त्यावर सूर्य, चंद्र आणि पाच शिखरं आहेत. तो राजाचाच पडदा. राजा बसेल तिथे त्याच्यामागे तो असायचा.

तळ्यातला ग्यॉन्गहवेरू मंडप 48 दगडी खांबांवर उभा आहे, बाहेरचे चौकोनी आणि आतले गोल. पृथ्वी चौकोनी आणि आकाश गोल ही त्यांची जुनी कल्पना. ती तुम्हाला पुढे बागेतल्या तळ्यातही भेटेल. मुलीला एक जागा आवर्जून दाखवा: तळ्याजवळचं सुजॉन्गजॉन. सेजोंग राजाच्या विद्वानांची सभा याच जागी होती. 1443 साली तयार झालेली आणि 1446 साली जाहीर केलेली हंगुल लिपी सेजोंगच्याच काळातली. आज रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवर जी अक्षरं दिसतात, त्यांचा जन्म साडेपाचशेहून अधिक वर्षांपूर्वी याच आवारात झाला. उत्तर टोकाला 1895 साली राणी म्यॉन्गसॉन्गची हत्या झाली ते दालन आहे. तिथे फारसं कुणी जात नाही. आईवडील दमले नसतील तर जाऊन या.

हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, भाड्याने घ्यायचा का, हे मुली नेहमी विचारतात. जरूर घ्या, घातलेला असेल तर राजवाड्यात प्रवेशाचे पैसे लागत नाहीत. फक्त मागे चेन असलेले, आत गोल सांगाडा घातलेले, जरीने मढवलेले पोशाख असतात, ते आपल्या शिवलेल्या नऊवारीसारखे समजा. सोय आहे, पण नेसण्याची गंमत नाही. साधा, छातीशी नाडीची गाठ मारायचा पोशाख मागा. ती एका बाजूची गाठ दुकानातली बाई हाताने मारून देते, ते बघण्यासारखं असतं.

दुपारी बुकछॉनच्या गल्ल्या. इथे एक विनंती आहे. ही जुन्या हानोक घरांची वस्ती आहे आणि त्यात माणसं राहतात. त्रास इतका वाढला, की काही गल्ल्यांत आता सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढीच पर्यटकांना मुभा आहे आणि वेळ मोडल्यास एक लाख वॉन दंड होतो. हळू बोला, दारात बसून फोटो काढू नका. घर आतून बघायचं तर सार्वजनिक म्हणून खुली ठेवलेली हानोकं आहेत, तिथे जा. कोकणातल्या घरात वाढलेल्या माणसाला हानोक पटकन कळतं. मधे अंगण, त्याला मादांग म्हणतात. पुढे लाकडी तक्तपोशीची ओसरी, ती मारू. आणि आतल्या खोल्यांची जमीन खालून गरम केलेली, ते ओन्दोल. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर आणि ऊब खोलीच्या जमिनीखालच्या दगडी पोकळ्यांतून फिरवून दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर काढायची, ही जुनी पद्धत. आता तिथे गरम पाण्याच्या नळ्या असतात, पण जमिनीवर बसायची आणि झोपायची सवय त्यातूनच आली. एक रात्र तरी हानोकमध्ये राहा. मी ती ग्यॉन्गजूत राहायला सांगेन, तिथे ते स्वस्त पडतं. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर पलंग असलेली खोली आधीच मागून ठेवा.

दुसरा दिवस माझ्या दृष्टीने सोलमधला सर्वांत महत्त्वाचा: छांगदॉक्कुंग. 1405 साली बांधलेला, 1592 साली हाही जळाला, पण लवकर उभा राहिला आणि मग अडीचशेहून अधिक वर्षं राजे इथेच राहिले. 1997 पासून तो जागतिक वारसा आहे. ग्यॉन्गबोकगुंग सरळ रेषेत मांडलेला आहे. हा डोंगराच्या उताराप्रमाणे वळत जातो. आत शिरल्यावर उजवीकडे वळून एक छोटा दगडी पूल लागतो, तो 1411 सालचा. ज्यांना मूळच हवं असतं, त्यांना मी तिथे दोन मिनिटं उभं करतो.

मागच्या राजउद्यानाला, हुवॉनला, वेगळं तिकीट आणि ठरलेली वेळ असते. जागा मोजक्या असतात, तेव्हा काही दिवस आधी ऑनलाइन तिकीट काढून ठेवा, दारावर मिळेल या भरवशावर राहू नका. चढउतार आहेत, काठी असेल तर बरोबर घ्या. चौकोनी तळं, त्यात गोल बेट, काठावर जॉन्गजो राजाचं 1776 सालचं ग्रंथालय. बाग अशी, की माणसाचा हात लागलाय हे चटकन कळतच नाही. जपानमध्ये क्योटोच्या बागा बघून आलेल्यांना हा फरक ताबडतोब जाणवतो.

उद्यानातून परतताना नाकसॉन्जे हे रंग न दिलेल्या लाकडाचं घर चुकवू नका. 1847 सालचं. जोसॉन घराण्याची शेवटची माणसं इथे राहिली. लहानपणी जपानला पाठवलेली राजकन्या दॉकह्ये उतारवयात परत आली आणि 1989 साली इथेच वारली. शेवटच्या युवराजाची जपानी पत्नी, कोरियन लोक तिला ई बांगजा म्हणतात, तीही त्याच साली, इथेच. त्या ओसरीसमोर उभं राहिलं की पाचशे वर्षांचं राज्य किती अलीकडे विझलं हे कळतं. माझ्या गटातल्या माणसांचे आवाज तिथे आपोआप खाली येतात.

तिथून चालत जोंगम्यो. जोसॉन राजेराण्यांच्या पितरांचं हे स्थान. मुख्य वास्तूत ओळीने 19 कक्ष आहेत, प्रत्येकात पितरांच्या लाकडी पट्टिका. मूर्ती नाही, नक्षी नाही. एक लांबच लांब छप्पर आणि पुढे रिकामा दगडी चौथरा. बघायला काहीच नाही असं म्हणणारे असतात. आपल्या घरी श्राद्धपक्ष पाळला जात असेल तर आईवडिलांना समजावून सांगायची गरज पडणार नाही. मधला उंचावलेला दगडी मार्ग पितरांचा. त्यावरून चालायचं नाही. दर वर्षी मेच्या पहिल्या रविवारी इथे जुन्या संगीतासह मोठी पूजा होते. घरोघरी पितरांना पान मांडायचा दिवस छुसॉकचा, त्यांच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला. बहुतेक वर्षी ती आपली भाद्रपद पौर्णिमाच असते, म्हणजे गणपती विसर्जन आणि पितृपक्ष यांच्या सांध्यावर. त्या दिवशीचा पदार्थही ओळखीचा: तांदळाच्या पिठाच्या पारीत तीळ किंवा डाळीचं सारण भरून वाफवलेले सोंगप्यॉन. त्या सुट्टीत रेल्वेची तिकिटं मिळणं मात्र कठीण असतं. तुमची दिवाळीची सुट्टी त्याहून बरी. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, पानं लाल झालेली असतात. जुलैतला पाऊस आणि जानेवारीतली शून्याखालची थंडी टाळा.

संध्याकाळी दोन तास उरले तर योंगसानच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. कायमचं प्रदर्शन मोफत आहे. तिथे अंधाऱ्या खोलीत, गालाला बोट लावून विचारात बसलेल्या दोन बोधिसत्त्वांच्या मूर्ती आहेत. बाकी संग्रहालय सोडलंत तरी चालेल, ती खोली सोडू नका.

खाण्याचं आत्ताच सांगतो, कारण पहिल्या दिवसापासून लागणार आहे. "शाकाहारी" या शब्दावर विसंबू नका. किमचीत, म्हणजे तिखट मुरवलेल्या भाजीत, बहुतेकदा माशाची किंवा कोळंबीची खारवणी असते, आणि साध्या दिसणाऱ्या सूपचा रस्सा सुक्या छोट्या माशांचा. बिबिमबाप, म्हणजे भाज्या कालवून खायचा भात, मागताना मांस आणि अंडं दोन्ही काढायला सांगा. नि:शंकपणे जेवायचं तर मठाचं जेवण. कोरियन बौद्ध मठांत मांसमच्छी तर नाहीच, पण कांदा, लसूण आणि त्या जातीच्या पाच उग्र भाज्याही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला नवल वाटत नाही. सोलमध्ये जोग्येसा मठासमोर बारुगोंगयांग हे मठाच्याच पंथाचं भोजनगृह आहे. आधी जागा राखून एक जेवण तिथे करा. रस्ता शोधायला फोनवर नेव्हर मॅप हे कोरियन ॲप घ्या. गूगलचा नकाशा तिथे पायी रस्ता नीट सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वेगवान रेल्वेने दोन तासांत ग्यॉन्गजू. स्टेशन गावाबाहेर दहाएक किलोमीटरवर आहे, बस किंवा टॅक्सी लागते. हे शिल्ला राज्याचं शहर. परंपरेने इसवी सनापूर्वी 57 ते इसवी सन 935 असा त्याचा काळ सांगतात. गावात उतरल्यावर आधी दिसतात ते गवताचे गोल डोंगर. ते डोंगर नव्हेत, राजांच्या समाध्या. लाकडी कक्षात प्रेत आणि सोनं ठेवायचं, त्यावर दगडगोट्यांची रास, त्यावर माती. आत जायला वाट ठेवलेलीच नसते, म्हणून चोरांना शिरता आलं नाही. 1973 साली छॉनमाछोंग ही समाधी उघडली तेव्हा 11,000हून अधिक वस्तू मिळाल्या, सोन्याच्या मुकुटासह. तिच्या आत जाऊन रचना बघता येते. मुकुट आणि 771 सालची सुमारे 19 टनांची घंटा गावातल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. तिथून चालत छॉमसॉन्गदे, सातव्या शतकातल्या राणी सॉन्दॉकच्या काळातली नऊ मीटर उंच दगडी वेधशाळा. तिला कधी आग लागली नाही, कुणी पाडलं नाही. जशी बांधली तशी उभी आहे.

अंधार पडल्यावर वॉल्जी तळ्यावर जा. काठचे मंडप नवे, पण तळं 674 सालचं. 1975 पासून गाळ उपसला तेव्हा त्यात मद्याच्या बैठकीत खेळायचा 14 बाजूंचा लाकडी फासा सापडला, प्रत्येक बाजूवर एक शिक्षा कोरलेली. मूळ फासा जतनाची प्रक्रिया चालू असताना भट्टीत जळून गेला. आता आहे ती प्रतिकृती. ही गोष्ट ऐकताना दर वेळी मला वाईट वाटतं.

मधल्या वेळी ह्वांगनाम पाव घ्या. 1939 पासून इथे करतात. पातळ कवच आणि आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. गरम असताना खाल्ला तर आई नक्की म्हणतील, पुरणपोळीच आहे.

चौथा दिवस बुल्गुक्सा मठ आणि सॉक्कुराम लेणं. गावातून 10 किंवा 11 क्रमांकाची बस बुल्गुक्साला जाते. वर सॉक्कुरामला जाणारी बस क्वचित सुटते, वेळ आधी बघा किंवा टॅक्सी करा. परंपरा सांगते, की किम देसॉन्ग या मंत्र्याने 751 साली या जन्मीच्या आईवडिलांसाठी बुल्गुक्सा बांधला आणि मागच्या जन्मीच्या आईवडिलांसाठी सॉक्कुराम. तुमच्या आईवडिलांना वर चढताना ही गोष्ट सांगा.

बुल्गुक्साचं लाकूडकाम 1593 साली जळालं. आजचा बराचसा मठ 1969 ते 1973 या काळात पुन्हा उभारलेला. दगड मात्र आठव्या शतकातला. समोरच्या दगडी जिन्यांच्या बाजूच्या भिंतीकडे बघा. खाली ओबडधोबड, न घडवलेले नैसर्गिक दगड, आणि त्यांच्यावर बसवलेले घडीव दगड. खालचा दगड सपाट केलेला नाही. वरच्या दगडाची कड खालच्याच्या उंचवट्यांप्रमाणे कोरून बसवली आहे. मी बुल्गुक्साला असंख्य वेळा गेलोय, आणि दर वेळी त्या सांध्यांवरून बोट फिरवावंसं वाटतं. आतले दोन मनोरे, एक नाजूक दाबोताप, तो दहा वॉनच्या नाण्यावर आहे, आणि एक साधा सॉक्काताप. 1966 साली साध्या मनोऱ्याच्या पोटात ठशांनी छापलेली धारणी, म्हणजे बौद्ध मंत्रपाठ, सापडली. जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांत ती गणली जाते.

सॉक्कुरामला वाहनतळापासून झाडीतली साधारण वीस मिनिटांची जवळपास सपाट वाट आहे. आपले कारागीर कार्ले, भाजे, अजिंठ्याला डोंगर पोखरत आत गेले. कोरियाचा डोंगर ग्रॅनाइटचा, तो तसा पोखरणं फार अवघड. म्हणून त्यांनी ग्रॅनाइटचे 360हून अधिक ठोकळे घडवून घुमट बांधला, त्यावर माती घातली आणि लेणं तयार केलं. आत साडेतीन मीटरचा बुद्ध, हात भूमिस्पर्श मुद्रेत, तोंड पूर्वेच्या समुद्राकडे. भिंतीवर दहा शिष्य, आणि दाराशी इंद्र आणि ब्रह्मा. आपलेच, पण चेहरे कोरियन. हे लेणं घडत होतं त्याच्या काही दशकं आधी शिल्लाचा भिक्षू ह्येछो भारत फिरून गेला होता. त्याच्या प्रवासवर्णनाचा तुकडा 1908 साली चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपान्यांनी दुरुस्तीसाठी लेणं उतरवून सिमेंट वापरून पुन्हा जोडलं, तेव्हापासून आत दमट होऊ लागलं. म्हणून आता ते काचेमागून बघावं लागतं, फोटो काढता येत नाही, आणि गर्दीत दोनतीन मिनिटंच मिळतात. त्यामुळे काय बघायचं हे बसमध्येच ठरवून जा. मी सांगतो, बुद्धाचा उजवा हात गुडघ्यावर कसा टेकलाय एवढंच बघा.

भारतीय म्हटल्यावर कुणीतरी तुम्हाला अयुताहून आलेल्या हॉ ह्वांगओक राणीची गोष्ट सांगेल. ती तेराव्या शतकातल्या ग्रंथातली आहे, तिची समाधी बुसानजवळच्या गिम्हेत दाखवतात. अयुता म्हणजे अयोध्या का, यावर विद्वानांचं एकमत नाही. गोष्ट आनंदाने ऐका, त्यासाठी वाट वाकडी करू नका.

परतीच्या गाडीला वेळ असेल तर बुन्ह्वांगसा मठाजवळच्या मोकळ्या रानात उतरा. तिथे ह्वांगन्योंगसा हा मठ होता. सातव्या शतकात बांधलेला नऊ मजली लाकडी मनोरा, तो 1238 साली मंगोलांनी जाळला. तो पुन्हा कुणी उभारलेला नाही. गवतात खांबांच्या पायाचे दगड तेवढे ओळीने बसलेले आहेत. तिकीट नाही, दुकान नाही. संध्याकाळी वडिलांना त्यातल्या एका दगडाशेजारी उभं करा आणि त्यांना खांबांच्या ओळी मोजू द्या. मनोरा केवढा होता, ते त्यांचं त्यांना दिसेल.